पक्षपात, वशिला की डावलणं? तक्रारीत नेमका कुठला शब्द लिहायचा

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुमच्या बहिणीने एका अनुदानित संस्थेत लॅब असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज केला होता, शिक्षण आहे, 6 वर्षांचा अनुभव आहे, मुलाखतही चांगली झाली, आणि घेतलं कुणाला तर अध्यक्षांच्या मेहुण्याच्या मुलीला. आता तक्रार लिहायचीय आणि तुम्ही विचारताय की फेवरिटिझमला मराठीत नक्की काय म्हणतात, पक्षपात, वशिलेबाजी, घराणेशाही, भेदभाव हे सगळं एकच ना, कुठलाही एक लिहिला तर चालेल ना.

नाही चालणार. मी नाशिकला सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडच्या, जवळ गेली 22 वर्षं भाषांतराचं आणि अर्ज-तक्रारी लिहून द्यायचं काम करते, कोर्ट आणि कलेक्टर ऑफिस दोन्ही जवळ, त्यामुळे रोज कुणी ना कुणी येतंच हातात कागद घेऊन, आणि दर दहातल्या चार-पाच कागदांवर तरी हेच शब्द असतात, आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी असतात. माणूस चिडलेला असतो, अन्याय खरा असतो, पण शब्द असा पडलेला असतो की समोरचा त्या शब्दाला धरून सुटतो.

मला इतक्या वर्षांत कळलेली गोष्ट म्हणजे मराठीतला यातला प्रत्येक शब्द वेगळ्या माणसाकडे बोट दाखवतो. पक्षपात म्हटलं की बोट निर्णय घेणाऱ्याकडे जातं. वशिला म्हटलं की ज्याला मिळालं त्याच्याकडे आणि मधल्या माणसाकडे. डावललं म्हटलं की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे बघावं लागतं. आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याच्याबद्दल पुरावा द्यायची जबाबदारी तुमची होते, म्हणून शब्द निवडायच्या आधी हातात काय कागद आहे ते बघायचं.

पक्षपात हा संस्कृतातला शब्द, पक्ष म्हणजे बाजू, पंखही, आणि पात म्हणजे पडणं, म्हणजे एका बाजूला पडणं. जुन्या संस्कृतात तो ओढा, जिव्हाळा अशा चांगल्या अर्थानेही येतो, मराठीत मात्र आता फक्त दोष म्हणूनच वापरतात. तो करायला हातात निवाडा असावा लागतो. पंच, परीक्षक, मुलाखत घेणारा, शिक्षक, आईबाप, हे पक्षपात करू शकतात. ज्या मुलीला नोकरी लागली तिने पक्षपात केला असं होत नाही, पण असं लिहिलेले अर्ज मी स्वतः पाहिलेत. तरफदारी हा त्याचा फारसी भाऊ, तरफ म्हणजे बाजूच, पण तरफदारी तोंडाने केली जाते, कुणीतरी कुणाची बाजू घेऊन बोलतं, निकाल देतंच असं नाही. कैवार घेणं तर चांगलंही असू शकतं, गरिबाचा कैवार घेतला तर कोण वाईट म्हणेल.

वशिला हा अरबीतून आलेला, मूळ अर्थ साधन, मधला दुवा, ज्याच्यामार्फत आपण पोचतो तो. मूळ शब्दात वाईट काही नाही. मराठीत मात्र वशिल्याने लागला म्हटलं की त्या माणसाची लायकी काढली जाते, ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती मुलगी खरंच शिकलेली असू शकते, तिला कदाचित कुणी शब्द टाकलाय हे माहीतही नसेल. आपल्याकडे या एका गोष्टीसाठी बोलण्यात किती शब्द आहेत बघा, शब्द टाकणं, चिठ्ठी आणणं, ओळख काढणं, वजन वापरणं, लग्गा लावणं, जॅक लावणं, आणि आता फिल्डिंग लावणं आणि सेटिंग. यातलं शब्द टाकणं मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. 'जरा साहेबांकडे शब्द टाका ना' हे वाक्य नाशिकमधल्या प्रत्येक घरात कधी ना कधी बोललं गेलंय, अंबड-सातपूरच्या कंपनीत मुलाला चिकटवायचं असेल, हॉस्पिटलमध्ये बेड पाहिजे असेल, शाळेत ॲडमिशन पाहिजे असेल. बोलणाऱ्याला ते गैर वाटत नाही, कारण त्याच्या मनात तो आपल्या माणसाला मदत करतोय. आणि हाच प्रयत्न दुसऱ्याने केला की आपण त्याला वशिलेबाजी म्हणतो.

इथे शिफारस वेगळी काढा. शिफारस फारसीतून आलेली, आणि ती उघड असते, कागदावर असते, खाली सही असते, शिफारस करणारा नंतर जबाबदार धरता येतो. वशिला तोंडी असतो आणि त्याला सही नसते. तुमच्या तक्रारीत 'शिफारशीवरून नेमणूक केली' असं लिहिलंत तर संस्था म्हणेल हो, निवड समितीने शिफारस केली, तीच तर पद्धत आहे, आणि तुमचा मुद्दा तिथेच संपला. आणि पैसे घेतले असतील तर ती लाच, तो वेगळा गुन्हा, त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, 1064 नंबर आहे. पैशाबद्दल काही माहीत नसताना 'आर्थिक देवाणघेवाण झाली असावी' अशी ओळ उगाच घालू नका, लोक घालतात, आणि सगळा अर्ज त्या एका ओळीने पडतो.

आता ज्या शब्दासाठी मला खरं तर एवढं लिहावंसं वाटलं तो म्हणजे पंक्तिप्रपंच. हल्ली फार कमी ऐकू येतो. माझं आजोळ दिंडोरीकडचं, लग्नाची पंगत मांडवात बसायची, पत्रावळी, द्रोण, खाली सतरंजीच्या पट्ट्या, आणि वाढायला घरचीच पोरं. मी नऊ-दहा वर्षांची असेन, माझ्या हातात बुंदीची परात नव्हती, मिठाची वाटी होती, लहान पोरांना मीठच देतात वाढायला. पुढे माझा मामा बुंदी वाढत होता. त्याने पाव्हण्यांच्या पानावर दोन मुठी टाकल्या आणि पलीकडे शेतावर कामाला येणारे लोक बसले होते त्यांच्या पानावर एक. आजी चुलीकडून बघत होती, ती उठून आली, मामाच्या हातातली परात घेतली, आणि एवढंच म्हणाली, पंक्तिप्रपंच करायचा असेल तर वाढायला उठू नको. मग तिने स्वतः मागे जाऊन त्या सगळ्या पानांवर परत वाढलं. मला तो शब्द तेव्हा कळला नव्हता, पण अर्थ पूर्ण कळला होता.

हा शब्द इतका नेमका का आहे, तर पंगतीत बसलेले सगळे एका ओळीत असतात, सगळ्यांचा हक्क सारखा, पान सारखं, आणि वाढणाऱ्याच्या हातात जे आहे ते त्याच्या बापाचं नसतं, यजमानाचं असतं. आणि तरी तो तोंडं बघून वाढतो. सरकारी पद, अनुदानित संस्थेची जागा, सोसायटीचं पार्किंग, नळाचं पाणी, सगळीकडे नेमकं हेच होतं, दुसऱ्याच्या वतीने वाटणारा माणूस ते स्वतःचं असल्यासारखं वाटतो. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं असं आपण सहज म्हणतो, ते पंक्तिप्रपंचाचंच दुसरं टोक आहे, खाणाऱ्याच्या बाजूने सांगितलेलं. पंक्तिभेदही म्हणतात, पण पंक्तिभेदात जातीवरून वेगळी पंगत बसवण्याचाही अर्थ आहे आणि तो जास्त जड आहे, तो शब्द हलक्या गोष्टीला वापरू नये.

त्यावरूनच भेदभावाकडे येते, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. भेदभाव म्हणजे एखाद्या माणसाला तो कोण म्हणून जन्मला यावरून वेगळं वागवणं. संविधानाच्या कलम 15 मध्ये हाच शब्द आहे, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करायचा नाही. पक्षपातात मन एकाकडे ओढलेलं असतं, भेदभावात एखाद्या समूहाला बाहेर ठेवलेलं असतं. नाशिकच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको खरं तर. पंचवटीत काळाराम मंदिराच्या दाराशी 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांसारखे इथले कार्यकर्ते त्यात उभे राहिले, पुढे 5 वर्षं तो लढा चालला आणि दार उघडलं नाही, मग ऑक्टोबर 1935 मध्ये आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आता कुणी म्हटलं की मंदिराच्या लोकांनी 'पक्षपात केला' तर ते किती अपुरं वाटतं बघा. त्या शब्दात तो अन्याय मावत नाही. तसंच उलटं, तुमच्या बहिणीच्या बाबतीत जात किंवा बाई असणं हे कारण नसेल, फक्त अध्यक्षांची नातलग आली म्हणून ती मागे पडली असेल, तर भेदभाव लिहू नका. तो शब्द ज्यांना खरा लागतो त्यांच्यासाठी त्याची धार ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

घराणेशाही तर इथे अजिबात नाही. घराणेशाही म्हणजे सत्ता, गादी, पक्ष, कारखाना एकाच घरात पिढ्यानपिढ्या फिरत राहणं. लॅब असिस्टंटच्या एका जागेला घराणेशाही म्हटलं की वाचणारा हसतो. इंग्रजी नेपोटिझमला पेपरवाले सरसकट घराणेशाही लिहितात तेही मला पटत नाही, तो शब्द आला लॅटिनमधल्या नेपोस या शब्दावरून, म्हणजे पुतण्या, भाचा, नातू, कारण रोमचे पोप आपल्या पुतण्या-भाच्यांना मोठमोठी पदं द्यायचे, शेवटी 1692 मध्ये पोप इनोसंट बारावे यांनी फर्मान काढून ते बंद केलं. म्हणजे तिथे मुलाला गादी देण्याचा विषय नव्हता, नातलगांना चिकटवण्याचा होता. हिंदीतला भाईभतीजावाद हल्ली मराठीत येतोय, पण भतीजा आपला शब्द नाही, आपल्याकडे पुतण्या आहे. साधं 'नातेवाइकांची वर्णी लावली' हे अस्सल मराठी आहे आणि तुमच्या प्रकरणात तंतोतंत बसतं, वर्णी लावणं यात नेमणूकही आली आणि ती कशी झाली तेही आलं. सगेसोयरे हाही बरोबर होता, सगे रक्ताचे आणि सोयरे लग्नसंबंधाने झालेले, आणि मेहुण्याची मुलगी म्हणजे सोयऱ्यातलीच, पण जानेवारी 2024 च्या मराठा आरक्षणाच्या मसुद्यानंतर सगेसोयरे म्हटलं की लोकांच्या डोक्यात जातीचे दाखले येतात, त्यामुळे अर्जात सध्या टाळा.

झुकतं माप बद्दल दोन वाक्यं. तराजूचं पारडं गिऱ्हाइकाकडे जरा झुकवून द्यायची जुनी दुकानदारी रीत, त्यातून आलेला शब्द, म्हणून त्यात थोडी माया आहे, गुन्हा नाही. निधीवाटपात अमुक तालुक्याला झुकतं माप दिलं असं बातमीत शोभतं, तक्रारीत मिळमिळीत होतं.

म्हणींचं सांगायचं तर आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही सगळ्यांना येते, ती एकाच चुकीला दोन मापं लावण्याबद्दल आहे. पण नावडतीचं मीठ अळणी ही मला जास्त खोल वाटते, कारण मीठ कधी अळणी असू शकतच नाही, आणि तरी नावडती असली की तिचं मीठसुद्धा अळणी लागतं, म्हणजे गुणवत्ता काहीही असो, आधीच ठरलेलं असतं. मुलाखतीत तुमच्या बहिणीला 'अनुभव आहे पण आमच्या कामाला उपयोगाचा नाही' असं म्हटलं गेलं असं तुम्ही लिहिलंय, ते नेमकं हेच आहे. तळं राखी तो पाणी चाखी ही म्हण लोक यात ओढतात, पण ती स्वतः खाण्याबद्दल आहे, दुसऱ्याला खिलवण्याबद्दल नाही.

आणि एक शब्द जो बोलण्यात कधीच येत नाही पण टीव्हीवर शपथविधी बघताना सगळ्यांनी ऐकलाय, ममत्वभाव. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांची शपथ आहे, तिच्या मराठीत आहे की कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता सर्व तऱ्हेच्या लोकांना न्याय्य वागणूक देईन. मम म्हणजे माझं. माझेपणाची भावना ठेवून काम करणार नाही असं ते वचन आहे. ज्याने हे भाषांतर केलं त्याला माझा नमस्कार, मी भाषांतर करते म्हणून सांगते, एवढा अचूक शब्द सहज सुचत नाही. आपण आपला माणूस, आपला माणूस म्हणून ज्याचं कौतुक करतो तोच माझेपणा खुर्चीवर बसल्यावर बाजूला ठेवायचा असतो, हे त्या एका शब्दात आलंय.

आता तुमच्या कामाचं. तुमच्या हातात खरी मजबूत गोष्ट कुठली असू शकते, तर अध्यक्ष स्वतः निवड समितीत बसले होते का हे. बसले असतील तर वशिला सिद्ध करायची गरजच उरत नाही. सुप्रीम कोर्टाचा 1969 चा ए. के. क्रायपाक यांचा निकाल आहे, जम्मू-काश्मीरमधल्या वन अधिकाऱ्यांची भारतीय वन सेवेसाठी निवड होती, आणि निवड मंडळावर बसलेला एक अधिकारी स्वतःच त्या निवडीतला उमेदवार होता. स्वतःच्या नावाची चर्चा आली तेव्हा तो बाजूला झाला, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा बसून होता. कोर्टाने निवड रद्द केली, आणि म्हटलं की प्रत्यक्ष पक्षपात झाला हे सिद्ध करायला नको, परिस्थिती बघता तो होण्याची वाजवी शक्यता होती एवढं दिसलं तरी पुरे, कारण मनातलं सिद्ध करणं अवघड असतं. हितसंबंध हा शब्द इथे कामाचा आहे, अध्यक्षांचा हितसंबंध होता आणि तरी ते समितीत बसले, हे वाक्य लिहायला तुम्हाला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही, समितीच्या सभेच्या मिनिट्सची, म्हणजे इतिवृत्ताची, कॉपी आणि नात्याचा पुरावा एवढंच लागतं.

उलट 'आकसाने' किंवा 'द्वेषबुद्धीने' असं लिहिलं तर कोर्टात ते फार जड जातं, ज्याच्यावर आरोप आहे त्याला नावाने प्रतिवादी करावं लागतं आणि पुरावाही तसाच भक्कम लागतो. काही वर्षांपूर्वी सिन्नरकडच्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या, असंच नेमणुकीचं प्रकरण, त्यांनी आधीच स्वतः अर्ज दिला होता आणि त्यात 'वशिलेबाजी' पाच वेळा आणि 'आकस' तीन वेळा होतं. संस्थेने दोन ओळींचं उत्तर दिलं, कोणी वशिला लावला त्याचं नाव आणि पुरावा द्या. त्यांच्याकडे नव्हता, कसा असणार, तोंडी बोललेल्या शब्दाचा पुरावा कुठे असतो. त्या माझ्यासमोर बसून रडल्या, म्हणाल्या खरं आहे तेच लिहिलं ना मी. खरंच होतं. मग आम्ही दुसरा अर्ज लिहिला, त्यात एकही आरोपाचा शब्द नव्हता, फक्त डावलणं होतं. डावलणं हा डावा या शब्दावरून आलेला, डावीकडे टाकून पुढे जाणं. जाहिरातीत अट अमुक, माझी पात्रता अमुक, निवडलेल्या व्यक्तीची पात्रता अमुक, मला डावलण्याचं कारण लेखी द्यावं. त्याला मात्र दोन ओळींचं उत्तर देता आलं नाही, त्यांना गुणांचा तक्ता काढावा लागला. नोकरी त्यांना मिळाली नाही हेही सांगते, पण पुढच्या भरतीत गुण आधी बोर्डावर लागले.

म्हणून तुम्ही आधी माहिती अधिकारात अर्ज टाका, संस्था अनुदानित आहे म्हणता म्हणजे 2005 चा कायदा वापरता येतो, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. मागायचं काय तर निवड समितीतल्या सदस्यांची नावं, मुलाखतीच्या गुणांचे निकष, बहिणीचे आणि निवडलेल्या उमेदवाराचे गुण, आणि सभेच्या मिनिट्सची प्रत. हे आल्यावर तक्रार, आणि तक्रारीचा मुख्य भाग असा काहीतरी, जसाच्या तसा घेतलात तरी चालेल, फक्त तारखा तुमच्या घाला आणि मिनिट्समध्ये अध्यक्षांचं नाव खरंच असेल तरच दुसरं वाक्य ठेवा:

'जाहिरातीत मागितलेली शैक्षणिक अर्हता व अनुभव माझ्याकडे असताना मला डावलण्यात आले आहे. निवड झालेल्या उमेदवार या संस्थेच्या अध्यक्षांच्या निकटच्या नातेवाईक असून अध्यक्ष स्वतः निवड समितीत उपस्थित होते, त्यामुळे निवड प्रक्रियेत पक्षपाताची वाजवी शक्यता निर्माण होते. तरी मला डावलण्याची कारणे लेखी कळवावीत व निवड प्रक्रियेची फेरतपासणी करावी.'

बघा, पक्षपात शब्द एकदाच आलाय, आणि तोही शक्यता म्हणून. वशिला कुठेच नाही, तो तुम्ही घरी बोला, मनातलं बोलायला घर आहेच. अर्ज बहिणीच्याच नावाने आणि सहीने जाऊ दे, तुमच्या नाही, आणि दोन प्रती घेऊन जा, एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका. कारकून म्हणेल ठेवून जा, साहेब आल्यावर देतो, तर शांतपणे सांगा की थांबतो, किंवा सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.